एकट्याने अंदमानला : आधी ठेव, मग तिकीट

बचत कशासाठी करता असे विचारले, तर बहुतेक खातेदार मुलांचे शिक्षण, लग्न, घर, आजारपण ही नावे सांगतात. स्वतःच्या विश्रांतीसाठी पैसे बाजूला ठेवतो असे सांगणारा क्वचितच भेटतो. तसे सांगायला संकोचही वाटतो. वीस वर्षे नोकरी आणि घर सांभाळल्यावर चार-सहा दिवस एखाद्या बेटावर एकट्याने निवांत बसावेसे वाटले, तर त्यात चुकीचे काही नाही. चूक होते ती पैसे कुठून आणले यात. म्हणून या धड्यात उदाहरण घेतले आहे अंदमानचे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, आणि तिथून बोटीने दीड ते अडीच तासांवरचे स्वराज द्वीप. याचेच जुने नाव हॅवलॉक. ते डिसेंबर २०१८ मध्ये बदलले. राधानगरचा प्रसिद्ध किनारा इथेच आहे.

समजा, सगळा खर्च ४५,००० रुपये धरला. तुमचे गाव, महिना आणि खोली यांप्रमाणे हा आकडा बदलेल. इथे तो फक्त हिशेबासाठी घेतला आहे. एकट्या माणसाने मात्र एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. दोघे गेले तर प्रत्येकी जो खर्च येतो, तेवढ्यात एकट्याचे भागत नाही. विमानाचे आणि बोटीचे तिकीट माणशी असते, पण खोलीचे भाडे एकट्यालाही जवळजवळ पूर्ण पडते आणि टॅक्सीचे तर पूर्णच. तेव्हा शेजाऱ्यांनी ‘आम्हाला दोघांना इतके लागले’ म्हणून सांगितलेल्या रकमेचे सरळ निम्मे करू नका. खोली आणि टॅक्सी वेगळी मांडा.

आता हे ४५,००० आणायचे कसे? एक वाट कर्जाची. वार्षिक १४ टक्के दराने १८ महिन्यांचे वैयक्तिक कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे २,७८६ रुपये येतो आणि फेड होईपर्यंत साधारण ५०,१५० रुपये जातात. प्रक्रिया शुल्क त्याहून वेगळे. सहल सहा दिवसांत संपते, हप्ता दीड वर्ष चालतो.

दुसरी वाट आवर्ती ठेवीची, म्हणजे आरडीची. इथे एक ठेव काढण्याऐवजी दोन काढा, कारण सहलीचे पैसे एकाच दिवशी लागत नाहीत. विमानाचे तिकीट आणि खोलीची आगाऊ रक्कम तीन-चार महिने आधी द्यावी लागते. उरलेला खर्च प्रत्यक्ष प्रवासात होतो. एकच ठेव प्रवासाच्या महिन्यात मुदतपूर्ण होत असेल, तर तिकीट काढायच्या वेळी हात मोकळा नसतो. मग माणूस क्रेडिट कार्ड काढतो किंवा ठेव मोडतो. मोडलेल्या ठेवीवर बहुतेक बँका व्याज कमी देतात.

तेव्हा जूनमध्ये दोन ठेवी सुरू करा. पहिली महिना १,२०० रुपयांची, १५ महिन्यांची; तिचे १८,००० मुद्दल पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये हाती येते. त्यातून तिकीट आणि खोली. दुसरी महिना १,५०० रुपयांची, १८ महिन्यांची. तिचे २७,००० त्यानंतरच्या डिसेंबरमध्ये मिळतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत प्रवास. समुद्र त्या सुमारास बहुधा शांत असतो. व्याजदर साडेसहा टक्के धरला तर दोन्हींवर मिळून साधारण २,२०० रुपये व्याज मिळते. कर्जात सुमारे ५,१५० रुपये व्याज भरायचे, इथे २,२०० मिळवायचे. फरक सात हजारांहून अधिक झाला. छोट्या बचतदाराला ही रक्कम लहान नाही.

पोस्टाची आरडी चांगली योजना आहे, पण या कामासाठी ती घेऊ नका. तिची मुदत पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी ती बंद करता येत नाही. तसेच अडीअडचणीसाठी ठेवलेला तीन-चार महिन्यांच्या घरखर्चाचा पैसा सहलीच्या हिशेबात धरू नका. तो नसेल, तर आधी तो उभा करा. सहल एक वर्ष पुढे गेली तरी चालेल.

इथपर्यंतचे कोणत्याही सहलीला लागू पडते. एकट्याच्या सहलीत आणखी एक अडचण असते, आणि तिच्याकडे फार कमी लोक आधी बघतात. सोबत कुणी असले की आपले कार्ड चालले नाही तर दुसरा पैसे देतो. एकटे असताना दुसरा खिसा नसतो.

चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली, तेव्हापासून अंदमानात इंटरनेट पुष्कळ सुधारले. तरी लहान बेटांवर ते मध्येच जाते. इंटरनेट गेले की यूपीआय थांबते, आणि मोबाइलचे नेटवर्कच गेले की ओटीपीही येत नाही. स्वराज द्वीपावर एटीएम मोजकीच आहेत. म्हणून रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढा, तीही दोन-तीन दिवस पुरेल इतकी. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महानगरांबाहेर महिन्याला पाच व्यवहार मोफत असतात, आणि शिल्लक बघणे हाही त्यात एक व्यवहार धरला जातो. क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या बँकांची खाती ठेवा. एकाचे कार्ड पाकिटात, दुसऱ्याचे सामानात. यूपीआय जोडलेल्या खात्यात फक्त रोजच्या खर्चापुरते पैसे असू द्या, बाकीचे दुसऱ्या खात्यात. फोन समुद्रात पडला तर सिम, यूपीआय आणि ओटीपी तिन्ही एकदम जातात. म्हणून कार्ड बंद करण्याचा बँकेचा क्रमांक कागदावर लिहून बॅगेत ठेवा. तो फोनमध्ये ठेवून उपयोग काय? घरातल्या एका विश्वासू माणसालाही तो क्रमांक आणि तुमचा प्रवासाचा क्रम द्या. पिन मात्र कुणालाच देऊ नका.

खात्यातून तुमच्या नकळत पैसे गेले तर वेळ महत्त्वाची असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसून बाहेरच्या कुणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवसांत कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत येते. पिन किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे. म्हणजे सहल संपल्यावर बघू असे म्हणून चालत नाही. बँकेला लगेच कळवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवा.

समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. याचे पैशांवर दोन परिणाम होतात. पहिला असा की परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी लागते. दूरच्या बेटावरून त्याच दिवशी सकाळी निघणाऱ्याचे विमान चुकले तर नवे तिकीट त्याच दिवसाच्या भावाने घ्यावे लागते. ती एक रात्र खर्चात पहिल्यापासून धरा. दुसरा परिणाम परताव्याचा. बोट रद्द झाली की लोक फोनवर मदत क्रमांक शोधतात आणि कधी कधी भामट्याच्या क्रमांकावर जाऊन पोहोचतात. तो म्हणतो, परतावा जमा करतो, पिन टाका. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. क्रमांक तिकिटावर छापलेलाच वापरा, नाहीतर सरळ धक्क्यावरच्या खिडकीवर जा.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर घाबरून पुन्हा पुन्हा कार्ड घालू नका. ती रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला बँकेने १०० रुपये भरपाई द्यायची असते. पावती किंवा संदेश जपून ठेवा आणि त्या दिवसापुरते बॅगेतले दुसरे कार्ड काढा.