मोसंबी शीतगृहात टाकण्याआधी

मांजरीत माझं ज्यूसचं दुकान आहे. मृग बहाराची मोसंबी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात भरपूर येते, पण रसाला खरी मागणी एप्रिल-मेच्या उन्हात. म्हणून एका वर्षी माल घेऊन शीतगृहात ठेवला. मालक म्हणाला, "निर्धास्त राहा, इथं बटाटा महिनोन् महिने टिकतो." माल निघाला तेव्हा चकाचक होता. दुकानात आला आणि एक-दोन दिवसांत सालीवर तपकिरी खड्डे पडले, तिथूनच फळ सडू लागलं. मालकाने हात वर केले: "हा मंगू आहे, बागेतूनच आलाय."

मंगू कोळी किडीमुळे येतो, तोही फळ झाडावर असतानाच. त्यात साल काळपट, खरबरीत होते. अशी आत खचत नाही. हा थंडीचा मार होता. बटाट्याची खोली २ ते ४ अंशांवर चालते. तेवढ्या गारठ्यात मोसंबीच्या सालीतल्या पेशींची आवरणं बिघडतात आणि ते दिसतं फळ उबेत आल्यावर. मोसंबीला ६ ते ८ अंश आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. लिंबाला त्याहून थोडं जास्त तापमान.

ठेवलेली मोसंबी पिकून गोड होते, हाही गैरसमजच. आंब्यातल्या पिठाची अढीत साखर होते. मोसंबीत पिठाचा साठाच नसतो. तोडलेलं फळ श्वास घेत राहतं, त्यात सायट्रिक आम्ल खर्ची पडतं आणि पाणी उडून रस दाट होतो. म्हणजे आंबटपणा उतरला म्हणून जिभेला गोड लागतं. सोबत क जीवनसत्त्वही घटतं. इथिलीन दिलं की साल पिवळी होते, आतला रस होता तसाच राहतो. नुसत्या रंगाचे जास्त पैसे मोजू नका.

प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधूनही ठेवू नका. प्राणवायू संपला की फळात अल्कोहोल तयार होतं आणि फोडींना आंबूस दारूचा वास येतो. काढलेला रस तर मुळीच साठवू नका. लिमोनिन तयार होऊन तो कडू पडतो, मग साखर घालूनही गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं.

शीतगृहात क्रेट उतरवण्याआधी खोलीतला तापमापक स्वतः पाहा, शेजारी कुठला माल आहे ते विचारा आणि ठरलेले अंश पावतीवर लिहून घ्या.