वस्तू कोणती निवडावी?

बडोद्यात मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना गेल्या वर्षी मी एक प्रकल्प दिला होता : घरातील जिव्हाळ्याची एक वस्तू निवडा, तिची त्रिमितीय प्रतिमा तयार करा आणि सोबत तिच्याविषयी एक पान लिहा. प्रतिमा बहुतेकांना जमली. चुकली ती वस्तूची निवड, आणि पहिली चूक माझीच होती.

फोटोग्रामेट्रीची रीत सोपी आहे. वस्तूभोवती खालून, मधून आणि वरून अशा तीन फेऱ्या मारत साठ-सत्तर छायाचित्रे घ्यायची. लगतच्या दोन छायाचित्रांत निदान ६० ते ७० टक्के भाग सारखा हवा. संगणक त्यांतले समान बिंदू जुळवून प्रत्येकाचे स्थान काढतो. साधा मोबाइल पुरतो. उजेड मात्र सावलीतला असावा आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी; नाहीतर वस्तू वीतभर की हातभर, हे प्रतिमेवरून कळत नाही.

पुष्कळांनी घासून लख्ख केलेली समई किंवा तांब्या आणला. चकाकत्या धातूवरचे प्रतिबिंब कॅमेऱ्याबरोबर सरकते, संगणकाला स्थिर बिंदू सापडत नाहीत आणि प्रतिमा खड्ड्यांनी भरते. काचेचेही तसेच. दगड, लाकूड, बांबू यांचा खरबरीत पोत या कामाला उत्तम.

म्हणून नमुन्यासाठी मी आईचे जाते घेतले होते. प्रतिमा इतकी स्वच्छ उतरली की टाकीचे घाव मोजता यावेत. वरच्या तळीला खुंट्यासाठी दोन भोके आहेत. एक झिजून सैल झाले म्हणून दुसरे पाडले, की दोघी समोरासमोर बसून दळत असत? आई आता नाही. ती दोन भोके मी लहानपणापासून पाहत आलो. विचारले कधीच नाही. माझे पान अर्धेच राहिले.

एका विद्यार्थिनीने आजीचे सूप आणले. कडा पातळ असल्याने तिची प्रतिमा दोन ठिकाणी तुटली. घरात आता सगळे त्याला गुजरातीतले ‘सूपडुं’ म्हणतात, असे ती म्हणाली. पण तिने आजीला शेजारी बसवून बोलते केले होते. पाखडताना कोंडा उडतो, घोळताना खडे वेगळे होतात. दोन्हींसाठी मनगट वेगळे फिरते. आजीने ते मूठभर तांदळावर करून दाखवले. ‘घोळणे’ हा शब्द नातीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वर्गातले सर्वांत चांगले पान तिचे होते.

यंदा प्रकल्पाच्या सूचनांत मी एक ओळ वाढवली आहे : जिच्याविषयी सांगणारे माणूस अजून घरात आहे, अशीच वस्तू निवडा. आधी त्या माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, भागांची नावे त्याच्याच तोंडून लिहून घ्या. छायाचित्रे त्यानंतर काढा.