आधी समुद्र, मग शहर

मुंबई आणि तिच्या आसपासची बेटं, किनारे एकाच छोट्या सहलीत पाहायचे असतील, तर पाण्याचे दिवस आधी ठरवा आणि उरलेल्या वेळात शहर बसवा. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते मी माझ्या बहिणीच्या कुटुंबासोबत अनुभवलं आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

बहीण नागपूरला असते. मुलांनी समुद्र पाहिला नव्हता आणि तिच्या सासूबाईंना घारापुरीची लेणी पाहायची फार दिवसांची इच्छा होती. एका सहल कंपनीने मे महिन्यातला कार्यक्रम आखून दिला. रविवारी मुंबई दर्शन, सोमवारी घारापुरी, मंगळवारी सकाळी बोटीने मांडवा, तिथून अलिबाग, कुलाबा किल्ला, दुपारच्या बोटीने परत आणि रात्रीच्या गाडीने नागपूर. मी मुंबईतच राहते, म्हणून सोमवारपासून त्यांच्याबरोबर होते.

सोमवारी सकाळी आम्ही गेटवेवर पोचलो, तर तिकीट खिडकीपाशी शुकशुकाट. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. कंपनीच्या माणसाला फोन केला, तर तो "उद्या जाऊन या की" म्हणाला. उद्या अलिबाग होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरला. नागपूरहून एवढ्या लांब येऊन ज्या एका गोष्टीसाठी हट्ट धरला, तीच राहिली. आम्ही तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. मुलं तिथे रमली, दुपार चांगली गेली. शहराचं हेच सोपं आहे. एक ठिकाण बंद निघालं तर दहा मिनिटांवर दुसरं असतं. बेटाला असा पर्याय नसतो.

घारापुरीला जाणाऱ्यांनी म्हणून एवढं लक्षात ठेवावं. सोमवार सोडून जावं आणि सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक गाठावी. गेटवेहून तासाभराचा प्रवास आहे. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी मिळते, पुढे सुमारे सव्वाशे पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात, दर मात्र आधी ठरवून घ्यावा. युनेस्कोने १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतलेली ही लेणी धावतपळत पाहायची नाहीत. सुमारे सहा मीटर उंचीच्या त्या त्रिमुखी सदाशिवासमोर डोळे अंधाराला सरावायलाच थोडा वेळ द्यावा लागतो. तासाभरात आटपा म्हणणाऱ्या गटाबरोबर गेलात तर गंगाधर, अर्धनारीश्वर, कल्याणसुंदर हे पट नुसते डोळ्यांपुढून सरकतील. पर्यटकांना बेटावर मुक्काम करता येत नाही. त्यामुळे उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारून ठेवावी.

मंगळवारी मांडव्याची बोट वेळेवर निघाली. तिकिटातच अलिबागपर्यंतची बस होती. दहाच्या सुमारास आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर होतो आणि समोर पाण्यात कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० साली त्याचं बांधकाम सुरू केलं आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ते ठाणं झालं. कार्यक्रमाच्या कागदावर लिहिलं होतं, 'ओहोटीत चालत किल्ला'. प्रत्यक्षात मधे पाणी हेलकावत होतं.

किनाऱ्यावरच्या टांगेवाल्याने सासूबाईंना विचारलं, "आजी, आज तिथी कोणती?"

"अष्टमी," त्या लगेच म्हणाल्या.

"मग बाराला सुकती. पण हे भांगाचं पाणी, पुरतं सुकायचं नाही. चालत नका जाऊ, टांग्यातून सोडतो. तासाभरात मात्र परत फिरायचं."

त्याने जे सांगितलं ते किनाऱ्यावरच्या माणसांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं गणित आहे आणि प्रत्येक पर्यटकाने शिकून घ्यावं असं आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन, दशमीला साडेसात. दिवसातून दोनदा भरती, म्हणून हीच वेळ सकाळीही आणि संध्याकाळीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजेच सुकती. थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहावीच, पण सहलीची तारीख ठरवताना हा हिशेब फार उपयोगी पडतो.

मात्र वेळेइतकंच महत्त्व पाण्याच्या जोराला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती मोठी येते आणि ओहोटीही खूप दूरवर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. भरती छोटी, ओहोटीही अपुरी. आमच्या कार्यक्रमात ओहोटी भर दुपारी, सोयीची वाटावी अशी होती, पण ती भांगाची होती. उलट पौर्णिमेला गेलात तर पाणी भरपूर ओसरेल, पण सकाळी पाच-सहाला आणि संध्याकाळी पाच-सहाला. संध्याकाळी किल्ल्यात रेंगाळलात तर अंधार आणि पाणी दोन्ही एकदमच चढतात. चालत जायला बरे दिवस म्हणजे द्वितीया ते चतुर्थी. उधाण नुकतं सरलेलं असतं आणि ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते. त्या वेळी किनाऱ्यावर हजर राहायचं तर आदल्या रात्री अलिबागला मुक्काम हवा. एका दिवसात मुंबईहून जाऊन येऊन कुलाबा किल्ला करण्याचे बेत अनेकदा फसतात ते इथेच.

टांग्याने आम्ही किल्ल्यात गेलो. आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे. सासूबाईंनी गणपतीपुढे हात जोडले. टांगेवाल्याचं ऐकून आम्ही वेळेत परत फिरलो. आमच्या मागे राहिलेल्या काही मुलांना मांडीएवढ्या पाण्यातून, एकमेकांचे हात धरून यावं लागलं. किनाऱ्यावरची मंडळी त्यांना ओरडून वाट दाखवत होती.

जेवून मांडव्याला आलो तेव्हा वारा वाढला होता. बंदरावर बावटा लागला आणि बोटी बंद झाल्या. आता सुटेल, मग सुटेल म्हणत लोक थांबले. पाच वाजून गेल्यावर बोट जाणार नाही हे नक्की झालं. शंभर-दीडशे माणसं एकदम गाड्या शोधायला लागली. आम्हाला गाडी मिळाली, पण वडखळला वाहतूक कोंडली होती. नागपूरची गाडी चुकली. पाच तिकिटांचे पैसे गेले, बहिणीच्या यजमानांची एक दिवसाची रजा गेली. सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई गाडीत बसून बसून इतक्या दमल्या की त्या रात्री त्यांना जेवणही गेलं नाही. कंपनीने "हवामान आमच्या हातात नाही" एवढंच सांगितलं. हवामान कोणाच्याच हातात नाही, हे खरं. पण परतीच्या गाडीच्या दिवशी समुद्र ओलांडायचा की नाही, हे पूर्णपणे आखणाऱ्याच्या हातात असतं.

म्हणून पहिला नियम हा: शेवटच्या दिवशी समुद्रापार जायचं नाही. तो दिवस शहराचा.

दुसरा नियम हंगामाचा. मेच्या अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत गेटवे-मांडवा प्रवासी बोटी बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी, २०२० साली सुरू झालेली रो-रो सेवा हवामान पाहून पावसाळ्यातही चालते आणि तिच्यात आपली गाडीही नेता येते. पण तिच्याही फेऱ्या रद्द होऊ शकतात. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच होड्या लोटतात. पाहुण्यांनीही तोच मान राखावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वात चांगले. मे महिन्यात जावंच लागलं तर पहिल्या पंधरवड्यात जा आणि रस्त्याचा पर्याय तयार ठेवा. अलिबाग, वडखळ, पेण, पनवेल असा तो मार्ग आहे. पनवेलला पोचलात की लोकल मिळते. शनिवारी सकाळी जाताना आणि रविवारी संध्याकाळी येताना या रस्त्यावर वेळेचा भरवसा धरू नका.

तिसरा नियम मोहाला आवर घालण्याचा. अलिबागपर्यंत आलोच आहोत तर जंजिराही उरकू, असं अनेक जण म्हणतात. अलिबागहून मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर, रेवदंडा, कोर्लई, काशीद असा किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारा सुंदर रस्ता. पुढे राजपुरीला शिडाच्या होडीची वाट पाहायची आणि किल्ल्याच्या दाराशी हलत्या होडीतून पायरीवर उतरायचं. गुडघे दुखणाऱ्यांना ते अवघड जातं. त्यासाठी मुरूडला एक रात्र काढावी. थळजवळचा खांदेरी किल्ला २०२५ साली मराठा लष्करी भूदृश्यांबरोबर जागतिक वारशात गेला आहे. तिथे जायचं तर थळच्या होडीवाल्यांशी आधी बोलून, त्यांना सोयीचं पाणी असेल तेव्हा जावं. काशीदची पांढरी वाळू पाहून मुलं पाण्याकडे धावतात. तो किनारा उताराचा आहे आणि ओसरणारं पाणी माणसाला आत ओढतं. मुलांचा हात सोडू नका.

आणि बोटीत बसल्यावर लाइफ जॅकेट घालाच. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. पंधरा माणसं गेली, त्यांत सहलीला निघालेली कुटुंबं होती. जॅकेट सीटखाली ठेवून उपयोग नाही. बंद नीट आवळले आहेत का, मुलांना त्यांच्या मापाचं मिळालं आहे का, हे बोट सुटण्याआधी पाहा. बोट खचाखच भरत असेल तर पुढच्या बोटीने जा.

हातात तीनच दिवस असतील तर घारापुरी किंवा अलिबाग, यांपैकी एकच निवडा. घारापुरी असेल तर ती मधल्या दिवशी. अलिबाग असेल तर पहिल्या सकाळी मांडवा, त्या दिवशी आंग्र्यांची समाधी आणि गाव, रात्री मुक्काम, दुसऱ्या सकाळी ओहोटीत किल्ला, दुपारपर्यंत परत मुंबईत. तिसरा दिवस वस्तुसंग्रहालय, फोर्टमधल्या जुन्या इमारती, मरीन ड्राइव्ह आणि शांतपणे स्टेशन. चार दिवस असतील तर दोन्ही जमतात. कंपनीकडून कार्यक्रम घेत असाल तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा: त्या दिवशी ते ठिकाण उघडं आहे का, ओहोटी किती वाजता आहे, परतीची शेवटची बोट कोणती, आणि बोटी बंद झाल्या तर तुम्ही आम्हाला कसं परत आणणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. ते द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्या हाती घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आणि मुलांची सहल सोपवू नका.