धम्मपाठ : दान आणि वेठ



आपल्यातील अनेक कुटुंबे आता पैसे साठवून लुंबिनीला, श्रीलंकेला जाऊन येतात. वैशाख पौर्णिमेला आपण श्रीलंकेत असलात, तर रस्त्यांच्या कडेला मांडव दिसतील. तेथे भात, कॉफी, सरबत येणाऱ्या प्रत्येकाला विनामूल्य देतात. या मांडवाला ‘दन्सल’ म्हणतात, म्हणजे दानशाला. जात, धर्म, देश कोणी विचारीत नाही. पूज्य बाबासाहेब १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने याच देशात गेले होते. बौद्ध समाज प्रत्यक्षात कसा जगतो, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते.

आईला घेऊन मी गेलो, तेव्हा कोलंबोत ती अशा एका मांडवाबाहेरच थांबली. म्हणाली, “मागून खायचं सोडलं ना आपण? मग पुन्हा हात कशाला पसरायचा?” लहानपणी ती आजीबरोबर दारोदार भाकरी गोळा करीत हिंडलेली. मला उत्तर सुचेना. इतक्यात मांडवातील एक वृद्ध बाई बाहेर आली आणि तिने दोन्ही हातांनी ताट आईपुढे धरले. आई जेवली. मग खुणेनेच भाताचा डाव मागून घेतला आणि दुपारभर वाढीत राहिली. रात्री एवढेच म्हणाली, “माझ्या हातचं सगळे जेवले रे.”

आपल्या घरांतही हा प्रश्न निघतो. १४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळ बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी पाणी वाटायला चला म्हटले, की एखादे आजोबा म्हणतात, “फुकट राबणं पुष्कळ झालं.” त्यांना हसू नका. महार वतने १९५८ च्या कायद्याने गेली, पण वेठीचा सल कायद्याने जात नाही. तो समजुतीने जातो.

अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे सांगितली आहेत. तो आदराने देतो. घेणाऱ्याचा मान राखून देतो. स्वतःच्या हाताने देतो. टाकाऊ वस्तू देत नाही. आणि कर्माला फळ असते, हे जाणून देतो.

आता गाव आपल्याला काय देत होते, ते या कसोटीवर घासून पाहा. शिळे तुकडे, तेही दुरून, वरून टाकलेले. ते दान नव्हतेच. ती आपल्याच श्रमाची मजुरी होती, भीक म्हणून दिलेली! तसेच वेठ ही सेवा नव्हती. वेठीला ‘नाही’ म्हणता येत नसे. ती जन्माने गळ्यात पडे. दान मनुष्य स्वेच्छेने करतो. जेथे ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य आहे, तेथेच दान संभवते. म्हणून आपले दान हे आपल्या मुक्तीचीच खूण होय.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब प्याले. ज्या हातांनी पाणी बाटते असे म्हणत, त्याच हातांनी आज आपण वाटसरूला, तो कोणीही असो, पेला भरून देतो. यात लाज कसली?

बावीस प्रतिज्ञांत आपण दहा पारमिता पाळण्याचे वचन दिले आहे. पालि परंपरेत दान ही त्यांतली पहिली. तेव्हा परदेशी दानशाळेत संधी मिळाली, तर नुसते पाहून परतू नका. परवानगी घ्या, हात स्वच्छ धुवा आणि वाढायला उभे राहा. घरी आल्यावर तेच येथे करा. पाणी झाकून ठेवा. पेला मुलांच्या हातून द्या. घेणाऱ्याचे फोटो काढू नका. उरलेसुरले वाटू नका. आणि कोणी आदराने दिले, तर संकोच न करता घ्या. घेणेही समतेचेच आहे.

पौर्णिमेला घरात सर्वांनी बसून चर्चा करावी :

१. बलुते आणि दान यांत फरक कोणता?
२. वेठ आणि सेवा यांत फरक कोणता?
३. या महिन्यात आपले कुटुंब स्वतःच्या हाताने काय देणार?

भवतु सब्ब मंगलं.