नव्या घरासाठी हीट पंप: टाकी केवढी, पंप केवढा

अंघोळीचे पाणी तापवणारा हीट पंप निवडताना दोन आकडे ठरवावे लागतात: टाकी किती लिटरची आणि पंप किती किलोवॉटचा. टाकी ठरते सकाळच्या अंघोळींवरून. पंप ठरतो ते पाणी तापवायला किती तास मिळणार आहेत त्यावरून. दुकानात मात्र बाथरूम मोजून एकच आकडा सांगितला जातो, ‘तीन बाथरूम, म्हणजे तीनशे लिटर’, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या हिशेबात सापडते.

यंत्राचे तत्त्व फ्रिजचेच आहे. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात सोडतो. वीज लागते ती मुख्यतः कॉम्प्रेसर आणि पंखा चालवायला. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. या गुणोत्तराला व्यवहारात सीओपी म्हणतात. माहितीपत्रकावर छापलेला सीओपी बहुधा उबदार हवेतला असतो. आळेफाटा, जुन्नर, नारायणगाव या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली येतो. अशा गारठ्यात सीओपी उतरतो आणि पंपाची ताकदही उतरते. गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच.

हिशेब कडाक्याच्या थंडीचा धरावा. त्या दिवसांत गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे १८ अंशांपर्यंत उतरते असे मानू. हीट पंपाच्या टाकीतले पाणी ५५ अंशांचे आणि अंघोळीला लागणारे ४० अंशांचे. मग वीस लिटरच्या बादलीत सुमारे १२ लिटर कढत पाणी आणि ८ लिटर विसण लागते. माणशी दीड बादली धरली, तर सात माणसांना कढत पाणी लागते १२५ लिटर. भांडी आणि हात-तोंड धुणे मिळून आणखी २५ लिटर. टाकीतले सगळे पाणी शेवटपर्यंत सारखे गरम मिळत नाही, कारण वरून गरम पाणी जाते तसे खालून गार पाणी शिरते. पाचवा हिस्सा त्यापायी सोडला, की १५० लिटरच्या गरजेला २०० लिटरची टाकी बरोबर बसते.

हा हिशेब बादलीचा झाला. जुन्या घरात बादली-तांब्यावर भागवणारी माणसे नव्या घरात शॉवरखाली उभी राहतात, ही गोष्ट मोजणीत हमखास निसटते. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. सात-आठ मिनिटांत साठ-सत्तर लिटर गेलेच. सगळ्यांनी शॉवर घेतला, तर तेच सात माणसांचे घर तीनशे लिटरच्याही पुढे जाते. त्यामुळे जुन्या घराच्या सवयीवर टाकी घेऊ नये. शॉवर कोण वापरणार आणि बादली कोण, हे घरात आधी विचारून घ्यावे. म्हातारी माणसे बहुधा बादलीच पसंत करतात.

पाहुण्यांसाठी टाकी वाढवणे मात्र फुकटचा खर्च आहे. आळ्याच्या यात्रेला किंवा घरच्या लग्नाला वीस-पंचवीस माणसे उतरतात ती वर्षातून एक-दोनदा. तेवढ्यासाठी अंगणातली चूल किंवा माळ्यावरचा तांब्याचा बंब पुरतो. तूरकाठ्या आणि पाचट मळ्यात असतेच.

आता पंपाची ताकद. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. २०० लिटर पाणी १८ वरून ५५ अंशांवर न्यायचे म्हणजे ७४०० किलोकॅलरी, म्हणजेच ८.६ युनिट उष्णता. गिझरला एवढीच, किंबहुना थोडी जास्त वीज लागेल. हीट पंपाला पावणेतीन-तीन युनिट. तीन किलोवॉट उष्णता देणारा पंप हे काम उबदार हवेत तीन तासांत उरकतो. दहा अंशांच्या हवेत त्याच पंपाची ताकद सव्वादोन-अडीचवर आली, तर पावणेचार तास लागतात.

हा फरक कागदावर किरकोळ वाटतो. वडगाव आनंदच्या बाजूला मळ्यात बांधलेल्या एका नव्या घरात तो पहिल्याच पौषात अंगावर आला. टाकी २०० लिटरची आणि पंप तीन किलोवॉटचा, दोन्ही योग्य मापाचे. सहाला पहिली अंघोळ, म्हणून टायमर लावला पहाटे साडेचारचा. दीड तासात पाणी जेमतेम १५ अंशांनी चढे. सहाला नळाला ३३ अंशांचे कोमट पाणी. त्यातच शेजारच्या विहिरींवरच्या मोटारी रात्रपाळीच्या विजेवर चालू असल्या, की व्होल्टेज पडे आणि कॉम्प्रेसर बंद होई. विक्रेत्याचा सल्ला ठरलेला होता: यंत्र लहान पडले, मोठे घ्या. तसे घेतले असते तर मोठ्या कॉम्प्रेसरने कमी व्होल्टेजवर आणखीच मान टाकली असती. टायमर दुपारी एकवर सरकवला, तिथे प्रश्न मिटला. दुपारी हवा २७-२८ अंशांची, सीओपी चांगला, चारच्या आत टाकी तयार. पफचे जाड वेष्टन असलेली टाकी रात्रभरात दोन-चार अंश गमावते, एवढेच.

म्हणून पंप निवडण्याआधी मीटरजवळ व्होल्टेज मोजून घ्यावे, तेही एकदा नव्हे. गावठाणातला पुरवठा आणि मळ्यातल्या वस्तीचा पुरवठा यांत फरक असतो, आणि शेतीपंपांच्या पाळ्या बदलतात तसे व्होल्टेजही बदलते. वायरमनकडून आठवडाभराच्या नोंदी घेतल्या, की कोणते तास भरवशाचे ते कळते. ते तास कमी निघाले, तरच पंप मोठा घ्यावा.

दुपारी चालवण्याचा आणखी एक फायदा छतावरच्या सौर पॅनलचा. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एक किलोवॉटचे पॅनल निरभ्र दिवशी सुमारे चार युनिट देते. हीट पंपाची दिवसाची भूक त्यात भागते. ज्यांच्या गच्चीवर जागा भरपूर आहे आणि दिवसा सावली पडत नाही, त्यांनी साध्या सौर बंबाचाही विचार जरूर करावा. दिवसाला शंभर लिटरमागे सुमारे दोन चौरस मीटरचा सपाट संग्राहक पुरतो. त्याची अडचण आषाढ-श्रावणातली: मळभ आठवडाभर हटत नाही आणि विजेची कॉइल चालू ठेवावी लागते. हीट पंपाला ते दमट, मध्यम तापमानाचे दिवस उलट मानवतात.

इंटरनेटवर सापडणारे युरोपातले तक्ते इथे लावू नयेत. तिथला हीट पंप अख्खे घर उबदार ठेवतो. त्याचा आकार भिंती, खिडक्या आणि शून्याखालच्या थंडीवरून ठरतो. जर्मनीत राहणाऱ्या मुलाने पाठवलेला आठ-दहा किलोवॉटचा आकडा आळेफाट्याच्या बंगल्याला निरर्थक आहे. हमरस्त्यावरच्या लॉजचे गणितही घराला लागू नाही. तिथे पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्त्यांवरची गिऱ्हाईके दिवसभर येत राहतात, म्हणून टाकीच्या मानाने पंप दणकट लागतो.

पाइपात अडकणारे पाणीही मोजावे. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरमागे पाव लिटरभर पाणी राहते. टाकीपासून नळ १५ मीटरवर असेल, तर दरवेळी चारएक लिटर गार पाणी आधी येणार. एक इंची पाइप टाकला तर साडेसहा. टाकी बाथरूमच्या डोक्यावर ठेवावी आणि गरम पाण्याच्या पाइपावर वेष्टन घालावे.

यंत्राला मोकळी हवा लागते. बंद खोलीत ते स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढते आणि ताकद घटते. कांद्याच्या चाळीच्या वाऱ्यात ते ठेवू नये. उडालेली टरफले जाळीच्या बारीक पात्यांत अडकतात आणि ओलसरपणामुळे तिथेच चिकटून बसतात. गोठ्यालगतची जागाही नको, कारण मुताच्या अमोनियाने तांबे-पितळ खराब होते.

बोअरचे पाणी जड असेल, तर आतल्या तापणाऱ्या भागावर क्षारांचा थर बसतो आणि तापायला लागणारा वेळ हळूहळू वाढतो. पाणी जितके जास्त तापवावे तितका थर लवकर धरतो. म्हणून रोजचे तापमान ५५ अंश ठेवावे आणि जंतू वाढू नयेत म्हणून आठवड्यातून एकदा ६० पर्यंत न्यावे. खरेदीच्या कागदावर ‘दहा अंशांच्या हवेत, १८ वरून ५५ अंशांपर्यंत, इतके लिटर, इतक्या तासांत’ असे लिहून घ्यावे. पहिल्या थंडीत थर्मामीटर आणि घड्याळ लावून ते तपासावे, आणि टाकीला गंजापासून वाचवणारा आतला मॅग्नेशियमचा रॉड वर्षातून एकदा काढून पाहावा. निम्म्याहून अधिक झिजला असेल तर बदलावा.