मोनोग्राम शेवटी वाचा

खानदेशात जुनी सायकल विकायला निघाली की ती ‘इंग्रजांच्या काळातली’ असतेच. जळगावच्या भंगारवाल्याकडे असो, धुळ्याच्या आग्रा रोडलगतच्या गल्लीत असो, नाहीतर अमळनेरकडच्या धाब्याच्या घरात धूळ खात पडलेली असो, आजोबांनी ती एखाद्या गोऱ्या साहेबाकडून घेतलेली असते. विकणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या घरात तसंच सांगत आलेले असतात, आणि पुढच्या नळीवरच्या पितळी मोनोग्रामवर ‘रॅले’ किंवा ‘बीएसए’ लिहिलेलं असतंच. एवढं दिसल्यावर माणूस हरखतो आणि खिशात हात घालतो.

मोनोग्राम म्हणजे दोन बारीक रिव्हेटांवर धरलेला पत्रा. तो काढून दुसरा लावायला पाच मिनिटं पुरतात, आणि जुन्या छापाचे नवे मोनोग्रामही विकत मिळतात. पण खरी गोम पुढेच आहे: मोनोग्राम अस्सल असला तरी सायकल इंग्लंडची असेलच असं नाही. रॅले नॉटिंगहॅमची खरी, पण स्वातंत्र्यानंतर तीच सायकल बंगालात आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात बनू लागली. रॅलेच्या पंखाखालची हंबर, रज ही नावंही तिथून बाहेर पडली. बर्मिंगहॅमची हर्क्युलस, बीएसए आणि फिलिप्स ही नावं मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सने चालवली. ती कंपनी 1949 ची. मुंबईत वरळीला हिंद सायकल होती. हिंद आणि सेन-रॅले दोन्ही पुढे अडचणीत आल्या आणि 1980 मध्ये एकाच कायद्याने सरकारजमा झाल्या. म्हणजे ‘बीएसए’ लिहिलेली मद्रासची सायकल नकली नाही, रीतसर परवान्याची आहे. फक्त ती साहेबाची नाही.

धुळ्याला एका मित्रासाठी सायकल बघायला गेलो होतो. मालक निवृत्त गृहस्थ, वागायला अगदी सरळ. चहा झाला, मग त्यांनी चादर बाजूला केली. ‘‘दादा, नॉटिंगहॅमची आहे. तीस हजारांच्या खाली नाही द्यायची.’’ मोनोग्राम घासून सोन्यासारखा केलेला. मी म्हटलं, ‘‘आबा, उलटी करू का?’’ सीट आणि हँडलवर उलटी उभी केली आणि खालून वाचायला सुरुवात केली. मागचा हब लुधियानाचा निघाला. तो नंतर बदललेला असू शकतो, त्यावरून काही ठरत नाही. पायडलच्या एका क्रँकची घडण दुसऱ्याशी जुळेना. मग सीटखालच्या उभ्या नळीवर, पंप अडकवायच्या क्लिपेखाली, ऊन न लागलेला रंगाचा एक तुकडा सापडला. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘सेन’ शाबूत होतं. आबा चष्मा लावून बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिले. मित्राने ती घेतली, पण आसनसोलच्या भावात. सायकल चांगलीच होती.

म्हणून माझा क्रम उलटा असतो, नाव शेवटी. आधी फ्रेमचा नंबर. तो सीटच्या सांध्यावर, मागच्या चाकाच्या टोकाशी किंवा पायडलच्या नळीच्या बुडाला ठोकलेला असतो. त्यावरचा रंग नखाने किंवा लाकडी काडीने खरवडा, पत्र्याने नको. नुसत्या नंबरावरून साल ठरवणारे बरेच भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. वेगवेगळ्या कारखान्यांनी आपापले क्रम चालवले आणि तेच आकडे पुन्हा आले. नंबराचा खरा उपयोग तो कोणी पुसलाय का हे कळण्यासाठी.

मग चिमटा आणि चेनव्हील. हंबरच्या चिमट्याला प्रत्येक बाजूला एकाऐवजी दोन नळ्या असत. ते रूप लांबूनच ओळखू येतं. रजच्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा कोरलेला असतो, रॅलेच्यात बगळ्याचं डोकं, हंबरच्यात माणसांची रांग. यावरून घराणं कळतं, गाव कळत नाही. साल कळायचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब, तो असलाच तर. त्याच्या कवचावर ‘एडब्ल्यू’ या अक्षरांजवळ सालाचे आकडे ठोकलेले असतात. 52 म्हणजे 1952. तेही त्या हबचं साल. चाक बदललेलं असेल तर फ्रेम दहा वर्षं जुनी किंवा नवी असू शकते. आऱ्या मोजून मात्र वेळ घालवू नका. पुढे 32 आणि मागे 40 हा हिशेब विलायतेत होता, आपल्याकडेही तोच आला.

एक खूण आपल्या भागाची आहे आणि ती पुण्या-मुंबईच्या जाणकारांना सुचत नाही. पूर्वी विकणारे दुकानदार मडगार्डवर किंवा फ्रेमवर आपल्या नावाची पट्टी लावत. त्या पट्टीवर, किंवा घरात जपलेल्या पावतीवर, ‘पूर्व खानदेश’ किंवा ‘पश्चिम खानदेश’ असेल तर विक्री महाराष्ट्र राज्य होण्याच्या सुमाराची किंवा त्याआधीची. नंतर या जिल्ह्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली. नगरपालिका सायकलीवर कर घेऊन जो बिल्ला देत, त्यावरही साल असतं. सायकल पुसताना बिल्ला फेकून देणारे मी पाहिले आहेत. मालकाला तो गंजका पत्रा वाटतो.

पारोळ्याकडच्या एका घरातली गोष्ट मात्र आठवली की अजून चरफडायला होतं. पंजाचं चेनव्हील, जुन्या घडणीचा चिमटा, लोखंडी दांड्यांचे ब्रेक, ब्रुक्सची चामडी सीट. ती आपल्या उन्हाळ्यात तडकलेली, पण होती. रॅलेने रजचं नाव 1943 मध्ये घेतलं. ही त्याआधीची की नंतरची, विलायतेची की आसनसोलची, हे ठरवायला नळीवरचं छापील चित्र आणि अक्षरं हवी होती. नातवाने गिऱ्हाईक येणार म्हणून आदल्या आठवड्यात तिला चकचकीत काळा रंग मारून घेतला होता. त्याआधी पेंटरने सगळं थिनरने साफ केलेलं. हाताने ओढलेल्या बारीक सोनेरी रेषा गेल्या, अक्षरं गेली, आणि आता जगातला कोणीही खात्रीने काही सांगू शकत नाही. मुलाचा हेतू चांगलाच होता, शिवाय पदरचे पैसे घातले होते. त्याला काय बोलणार?

तेव्हा सायकल ओळखेपर्यंत तिच्यावर हात चालवू नका. सुक्या फडक्याने धूळ काढा. क्रोमवरचा गंज पाण्यात बुडवलेल्या चांदीच्या कागदाने हलकेच निघतो. रंगावर थिनर, पेट्रोल, पॉलिश पेपर काहीही नको. आणि फोटो काढा, उलटसुलट, सगळ्या बाजूंनी. आपल्या कोरड्या हवेचा एक फायदा असा की कोकणातल्यासारखी फ्रेम आतून खाल्ली जात नाही. वाट लावतात ती दुधाची कॅनं. दूधवाल्याच्या सायकलीला चिमट्याला जादा पट्ट्या आणि नळीला गॅस वेल्डिंग असतंच. मूळ सांधे पितळाने भरलेले आणि गुळगुळीत असतात. नळीवर ढोबळ टेंगूळ हाताला लागलं तर तिथे कधीतरी फ्रेम तुटली होती असं समजा. पुढच्या सांध्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवून बघा; सुरकुती लागली तर सायकल कुठेतरी समोरून धडकलेली आहे.

किंमत ठरवताना वय हा शेवटचा मुद्दा. मी खाली भंगाराचा भाव धरतो (अशी सायकल वीसेक किलो भरते) आणि मध्ये दुकानातल्या नव्या काळ्या सायकलीची किंमत. त्याच्या वर जायचं तर कारण पाहिजे: मूळ रंग, पूर्ण चेनकव्हर, जुना दिवा, गिअरचा खटका, पंप. फ्रेम शेकड्याने सापडतात, हे सुटे भाग सापडत नाहीत. पुढचा प्रश्न घेणारा कोण हा. हॉटेलच्या भिंतीवर टांगायला हवी असलेल्याला आतून काय आहे याचं सोयरसुतक नसतं, त्याला रूप हवं. रोज चालवणाऱ्याला भारतीय बनावटीची सायकलच बरी, तिचे भाग मिळतात. संग्राहक अक्षरासाठी पैसे मोजतो. पुण्यात विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय एकदा बघून या. अस्सल, पूर्ण सायकल कशी दिसते हे डोळ्यांत बसलं की निम्मी फसवणूक तिथेच टळते.

काही सायकलींना मात्र किंमतच नसते. यावलकडे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सगळं बघू दिलं, नंबरही उतरवू दिला, आणि आकडा विचारल्यावर म्हणाले, ‘‘मना बापनी सायकल शे. इकनी नही.’’ मी नमस्कार करून निघालो. तिथे घासाघीस करू नये.

सौदा झालाच तर पावती लिहून घ्या. सायकलला गाडीसारखी कागदपत्रं नसतात आणि चोरीची सायकल जुन्या बाजारात सहज मिसळते. साध्या कागदावर फ्रेमचा नंबर, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार एवढं पुरे. ‘इंग्लंडची’ म्हणून जास्त पैसे मोजत असाल तर तोही शब्द विकणाऱ्याकडूनच, त्याच्या हाताने लिहून मागा. बहुतेक वेळा भाव तिथेच खाली येतो.