उगवणे, निसवणे, उमलणे, बहरणे
(समानार्थी भासणाऱ्या शब्दांतील भेद)

मराठीत वाढीचे आणि फुलण्याचे शब्द पुष्कळ आहेत, आणि वरवर पाहणाऱ्यास ते सारे एकाच अर्थाचे भासतात. शेतकरी मात्र एकाच्या जागी दुसरा शब्द घालीत नाही. कारण त्याच्या लेखी प्रत्येक शब्दामागे एक निराळे काम उभे असते. हल्ली मुलांच्या निबंधांत व कचेरीच्या कागदांत ‘वाढ झाली’ किंवा ‘विकास झाला’ एवढ्यावरच सर्व भागविले जाते. शब्द गेला म्हणजे त्याबरोबर कामाची वेळही विसरते, असे आम्हांस वाटते. म्हणून ह्या धड्यात काही शब्दांचा भेद सांगतो.

१. अंकुरणे, रुजणे, उगवणे. ओलाव्याने बी फुगते व टरफल फोडून बारीक टोक बाहेर काढते, ते अंकुरणे. मूळ मातीत घर करते, ते रुजणे. कोंब माती भेदून उजेडात येतो, ते उगवणे. म्हणूनच सूर्य उगवतो, पण अंकुरत नाही. कोकणात ‘रुजणे’ हा शब्द अंकुरण्यासाठीही योजतात, तरी मूळ धरण्याचा भाव त्यात राहतोच. स्वयंपाकघरात मटकीला मोड येतात, हळदीला व आल्याला कोंब फुटतात. आता, अंकुरलेले सर्व बी उगवतेच असे नाही. पेरणीनंतर जोराचा पाऊस होऊन वर ऊन पडले, की मातीवर खपली धरते आणि कोंब तिच्याखालीच वाकून मरतो. म्हणून पेरणीनंतर शेजारी विचारतो तो प्रश्न ‘उगवण कशी आहे?’ हा असतो, आणि उत्तर वाईट असेल तर नांग्या भराव्या लागतात.

२. वाढणे, फोफावणे, माजणे. वाढणे हा साधा शब्द; त्यात स्तुती नाही व निंदाही नाही. फोफावणे म्हणजे जोमाने चहूकडे पसरणे. हे पिकाविषयी म्हणतात, तसे तणाविषयीही म्हणतात. माजणे ह्यात मात्र दोष आहे. कपाशीला नत्राचे खत व पाणी बेताबाहेर मिळाले, की झाड उंच व हिरवेगार होते, पण पाते व बोंडे थोडी धरतात. पाहुणा म्हणतो, ‘काय सुरेख वाढली आहे!’ घरधनी म्हणतो, ‘माजली आहे.’ दोघांचे डोळे एकच झाड पाहतात. पण शेंडा खुडण्याची गरज दुसऱ्यालाच कळते.

३. पोटरी, निसवणे, फुलोरा. ज्वारीचे कणीस पानाच्या आवरणात लपलेले असते तेव्हा ताट वरच्या बाजूस फुगते. पायाच्या पोटरीसारखा तो फुगवटा, म्हणून ज्वारी ‘पोटरीत आली’ असे म्हणतात. कणीस बाहेर पडले की ती ‘निसवली’. मग कणसावर बारीक फुले येतात, तो फुलोरा. पुढे दाण्यात चीक भरतो आणि हुरडा होतो. रब्बी ज्वारी पेरणीपासून सुमारे ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत येते, ७० ते ७५ दिवसांनी फुलोऱ्यात येते, व ९० ते ९५ दिवसांच्या सुमारास दाणे भरतात. विहिरीत पाणी थोडे असेल तर ते कोणत्या दिवशी द्यावे हे ह्याच शब्दांवरून ठरते. पोटरीत ताण बसला तर कणीस लहान राहते. मागाहून कितीही पाणी दिले तरी ते मोठे होत नाही.

४. उमलणे, फुलणे, बहरणे, मोहरणे. कळी उमलते, म्हणजे मिटलेल्या पाकळ्या उघडतात. झाड फुलते, आणि सर्वांगाने फुलले म्हणजे बहरते. ‘कळी बहरली’ असे कोणी म्हणत नाही. डाळिंब व संत्रे ह्यांच्या बागांत ‘बहार’ हा तर माळ्याने धरावयाचा असतो: पाणी तोडून झाडास ताण द्यावयाचा व मग पाणी सोडावयाचे. आंबे बहार, मृग बहार व हस्त बहार अशी त्याची तीन नावे आहेत.

मोहर हा विशेषेकरून आंब्याचा व काजूचा. येथे शब्दाची चूक महाग पडते. ‘बोंगे फुटले’, ‘मोहर आला’ आणि ‘मोहर उमलला’ ह्या तीन निरनिराळ्या अवस्था होत. बोंगे फुटताना तुडतुड्यांसाठी औषध फवारतात. परंतु मोहर पूर्ण उमललेला असता फवारणी टाळावी, कारण परागकण नेणाऱ्या माश्या त्याने मरतात व फळ धरत नाही.

उसाच्या फुलास तुरा म्हणतात. एरवी तुरा हे मानाचे चिन्ह. परंतु उसाला तुरा आला म्हणजे त्याची वाढ थांबली, आणि तोड लांबली तर ऊस आतून पोकळ पडतो. सारेच फुलणे आनंदाचे नसते.

५. जून होणे, पाड लागणे, पिकणे. आंबा पूर्ण भरला पण अजून कठीण आहे, तो जून. झाडावरच पिकू लागला, त्यास पाड लागला. अढीत मऊ व गोड झाला, तो पिकला. कोवळा आंबा अढीत घातला तर तो सुरकुततो, पिकत नाही.

शेवटी ‘विकास’ ह्या शब्दाविषयी. संस्कृतात ‘विकसणे’ म्हणजे मुळात कमळाप्रमाणे उघडणे, उमलणेच होय. तो शब्द वाईट नाही. परंतु सर्व अवस्थांवर तो एकटाच पांघरला तर पोटरी कोणती व फुलोरा कोणता हे झाकून जाते. पाणी, खत व औषध तर अवस्था पाहूनच द्यावयाचे असते.

अभ्यास.
(१) ‘उगवणे’ व ‘रुजणे’ ह्यांचा भेद दाखविणारी दोन वाक्ये लिहा.
(२) ‘फोफावले’ आणि ‘माजले’ ह्यांपैकी तणाविषयी कोणता शब्द योजाल, व का?
(३) आपल्या गावात भात, बाजरी किंवा तूर ह्यांच्या अवस्थांना कोणते शब्द आहेत, ते घरातील वडील माणसांस विचारून लिहून ठेवा.